बिनब्रेकच्या गाड्यांचा हंगाम

सिद्धार्थच्या आईला पोचवून परतताना मी रिक्षा मध्येच थांबवली. मंचरच्या बाहेर, हायवे सोडून आत वळणाऱ्या रस्त्यावर. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, हितं कुठं उतरताय? हितं काय नाय."

त्याचं खरं होतं. कांदा साठवायच्या दोन लांब बराखी, एक वजनकाटा, काट्यावर उभा असलेला रिकामा ट्रक आणि पलीकडे गुडघ्याएवढा मका. मी तरीही उतरले. मला जुन्या शर्यतीच्या वाटेचं दुसरं वळण शोधायचं होतं. लिंबाचं झाड कुठे होतं, पाण्याचा टँकर कुठे उभा राहायचा, याचा अंदाज घेत बराखीच्या कडेने चालत राहिले. लिंब तोडलेला. बांध मोडून जमीन एकसारखी केलेली. गाड्या कुठून कुठे वळत असत ते काही केल्या उमगेना. बराखीतून कांद्याचा उग्र वास येत होता, तेवढाच एक ओळखीचा. बाकीचे वास आता त्या जागेत नाहीत, माझ्याजवळ आहेत, आणि माझ्याजवळ असून त्यांचा कुणाला काही उपयोग नाही.

नव्वदचं दशक सरत आलं असताना एका हिवाळ्यात इथे मोटरसायकलच्या शर्यती झाल्या. एकेकट्याच्या नव्हेत, संघांच्या. मंचर, जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगाव असे चार संघ. प्रत्येक संघाचे ठरलेले गडी, त्यांना महिन्याचा पगार, अंगात एकाच रंगाचे शर्ट. परदेशात कांदा पाठवणाऱ्या एका शेठनी हा खेळ तिकडे कुठेतरी बघितला होता आणि तो त्यांच्या डोक्यात बसला होता. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम चैत्रात मोडला, तो कायमचा. आज मंचरात कुणाला विचारा, बैलगाड्यांच्या शर्यतींचे घाट सांगतील, कुणाची जोडी कधी पहिली आली तेही सांगतील. मोटरसायकलचं कुणाला आठवत नाही. माझे मालक मंचरच्या संघात होते. सिद्धार्थ त्यांचा जोडीदार.

माझं माहेर तळेघरचं. भात, नाचणी, धुकं आणि पायी चालणं. लग्न झालं तेव्हा मी मोटरसायकलवर एकदाही बसले नव्हते. सासर निमगाव साव्याचं, पण हे मंचरला गॅरेजात कामाला होते. शेठनी संघात घेतलं आणि लग्नाची हळदही उतरली नव्हती तोच आम्ही मार्केटच्या मागे एका खोलीत राहायला आलो. सासूबाईंना ते रुचलं नव्हतं. गाड्या उडवायचे पैसे कोण देतं, असं त्या सगळ्यांना विचारत राहिल्या. मला मात्र ती खोली म्हणजे देवाने चुकून दिलेली वस्तू वाटायची. कुठे बोलायची नाही, नाहीतर परत मागेल.

वारा सुटला की कांद्याची टरफलं उडत आमच्या दाराशी यायची. पातळ, गुलाबी, उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल अशी. सकाळी उंबऱ्यावर त्यांचा थर साचलेला असायचा आणि मी तो लगेच झाडत नसे. लिलाव सुरू झाला की बोली लावणाऱ्याचा सूर, हमालांच्या हाळ्या, हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न, सगळं भिंतीतून आत यायचं. डोंगरात वाढलेल्या मला इतका आवाज सोसणार नाही असं आईला वाटलं होतं. मला त्या आवाजातच झोप लागायची.

संध्याकाळी हे सरावाहून यायचे ते एरंडेलाचा वास घेऊन. लहानपणी पोट साफ करायला पाजतात तेच एरंडेल त्या गाड्यांच्या इंजिनात घालत. जळलं की त्याला एक गोडसर, कढत वास सुटतो. दुसऱ्या कुठल्या वासासारखा नाही. तो त्यांच्या केसांत असायचा, उशीत असायचा, माझ्या पदराला लागायचा. पिवळ्या शर्टावरची तांबडी माती दोन पाण्यांत निघायची, वास निघायचा नाही. मी तक्रार करायचे, आणि ते बाहेर गेले की उशी नाकाशी धरून बसायचे.

गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा मी विचारलं होतं, ब्रेक कुठंय. माझे मामा बैलगाडीने डोंगरातून भात खाली आणायचे. चढाची भीती नसते, उताराची असते, हे आम्हाला कळत्या वयापासून ठाऊक. हे हसले. म्हणाले, "ब्रेक नसतोच हिला."

"मग थांबता कसं?"

"थांबायचं नसतं. चार फेऱ्या मारायच्या, मग ती आपोआप थांबते."

खोटं नव्हतं ते. लांबट गोल वाट, तिच्यावर रोलर फिरवून पाणी मारलेलं. चौघे जण एका दोरीमागे उभे. दोरी वर गेली की सुटायचे. वळणं सगळी डावीकडची. वळणावर गाडी सरळ जातच नसे, मागचं चाक बाहेर फेकत आडवी घसरत जायची आणि डावा पाय जमिनीला टेकवून गडी तिला तोलायचा. त्या पायात बुटाखाली लोखंडी तळवा. तो घोडेगावच्या लोहाराकडून करून आणलेला. मातीवरून तो घासत गेला की खर्रर्र असा आवाज यायचा. चार गाड्यांच्या त्या ओरडण्यातूनही मला तो ओळखू यायचा. तळव्याचा पट्टा मी बांधायचे. शर्यतीआधी हे खोक्यावर बसत, मी खाली बसून पट्टा ओढून गाठ मारायचे. चारचौघांत बायकोने नवऱ्याच्या पायाशी बसावं याचं कुणाला काही वाटत नसे, पण त्यांना वाटायचं. ते दुसरीकडे बघत राहायचे.

शेजारच्या खोक्यावर सिद्धार्थ बसलेला असायचा आणि त्याचा पट्टा त्याची आई बांधायची. गयाबाई. नवरा लवकर गेलेला, मार्केटात कांदा निवडायला जायची. सिद्धार्थ विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात होता. आमच्यापेक्षा वयाने लहान, काळासावळा, हसला की डोळे मिटायचे. पहिल्याच दिवशी त्याने मला "वैनी" म्हटलं आणि आईला म्हणाला, हिला शिकव, हिची गाठ सुटते. गयाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवून ती गाठ पुन्हा मारून दाखवली. त्यांच्या बोटांना कांद्याचा वास होता. माझ्याही होता. मग आम्ही दोघी दुसऱ्या वळणाशी लिंबाखाली पोतं अंथरून बसायला लागलो.

घाटात बैलगाड्या पुकारणारा एक निवेदक शेठनी आणला होता. त्याला हे नवीन काही कळत नव्हतं. तो बैलांना पुकारायचा तसाच गड्यांना पुकारायचा. "मंचरचा दत्ताऽऽ, जोडीला सिद्धार्थ, सुटलीऽऽ जोडी, भिर्रर्र!" मला त्या गोष्टीचं काय वाटायचं ते कुणाला सांगता आलं नाही. जे नाव मला तोंडाने घेता येत नव्हतं, उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच, ते कर्ण्यातून असं सगळ्या रानावर पसरायचं. मी पदर तोंडाशी धरायचे. गयाबाई म्हणायच्या, बघ, तुझ्या वाटचं तो घेतोय.

संघाच्या शर्यतीचं गणित मला गयाबाईंनीच समजावलं. एकट्याने पहिलं येऊन भागत नाही. दोघांनी मिळून पहिलं-दुसरं यावं लागतं. सिद्धार्थ वेगाचा. तो आतून निसटायचा आणि हे त्याच्या मागे बाहेरच्या अंगाला गाडी ठेवून दुसऱ्यांची वाट अडवायचे. त्याला पुढे काढायचं, मागच्यांना येऊ द्यायचं नाही. त्यासाठी त्याच्या मागच्या चाकाला अगदी चिकटून राहावं लागतं. हातभर अंतर. जुन्नरचे गडीसुद्धा म्हणायचे की एवढ्या जवळून कुणी चालवत नाही. सिद्धार्थ वळणावर मागे वळून बघायचा नाही. तळव्याचा आवाज ऐकायचा. त्यावरून त्याला कळायचं की दत्ता आहे.

पौषात, माघात दर रविवारी कुठे ना कुठे असायचं. जुन्नरला जाताना टेम्पोत गाड्या दोरांनी बांधलेल्या, आम्ही मध्ये पोत्यांवर. नारायणगाव ओलांडलं की द्राक्षबागांवरच्या औषधाचा वास यायचा, मग शिवनेरी दिसायला लागायचा. गयाबाई फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी आणायच्या, मी डोंगरातल्या तांदळाचे लाडू. परत येताना सगळ्यांच्या भुवया मातीने तांबड्या झालेल्या. जिंकलो असू तर सिद्धार्थ निवेदकाच्या आवाजात रस्त्यावरच्या म्हशींना, सायकलवाल्यांना, एसटीला पुकारायचा. हरलो असू तरी पुकारायचा. हे हसायचे. ह्यांना इतकं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि नंतर बघायचा प्रश्नच आला नाही.

रविवारची रात्रीची जेवणं गयाबाईंकडेच व्हायची. वस्तीतलं दोन खणांचं घर, शेणाने सारवलेलं, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली उदबत्ती. सुक्या बोंबलाचं कालवण. हे आणि सिद्धार्थ एका ताटात जेवायचे, भांडून. संक्रांतीला सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, जेवता कुठं तुम्ही? मी म्हटलं, खोलीत. त्या बघत राहिल्या. दुपारी गयाबाई तिळगूळ द्यायला आल्या, तेव्हा सासूबाईंनी तो घेतला, डोक्याला लावला आणि खिडकीत ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता. मग ह्यांनी तो उचलला, सासूबाईंच्या समोर तोंडात टाकला आणि पाणी प्याले.

फाल्गुनात मला दिवस गेले. सगळ्यात आधी गयाबाईंना कळलं. पुढच्या वेळी टेम्पोत त्यांनी मला ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. सिद्धार्थने ह्यांना चिडवून चिडवून हैराण केलं. म्हणाला, पोरगी झाली तरी गाडीवर बसवायची, आणि ब्रेक काढूनच द्यायची. पुढच्या साली हंगाम मोठा होणार, पुण्याचे संघ येणार, असं शेठ सांगत होते. त्या आशेवर आम्ही खोलीला नवा रंग दिला. फिकट निळा. मला तो भिंतीचा ओला वास आठवतो. दारं उघडी, भांडी अंगणात, आणि हे ब्रश हातात घेऊन स्टुलावर. मला वाटलं होतं, आयुष्य असं असतं तर.

चैत्रात, इथेच. नारायणगावशी शर्यत होती. ऊन टळटळीत होतं, टँकरने मारलेलं पाणी लगेच वाळत होतं. काय झालं ते मला आजवर नीट कळलेलं नाही. लोकांनी नंतर पुष्कळ सांगितलं. माती सुटली, चाक खड्ड्यात गेलं, साखळी तुटली. मी एवढंच बघितलं की सिद्धार्थ पुढे होता, हे मागे होते, हातभर अंतरावर, आणि आमच्या समोरच्या वळणावर सिद्धार्थ गाडीवर नव्हता. ह्यांनी गाडी आडवी टाकली. पण हातभर अंतरात काय होणार? ह्यांची गाडी त्याच्यावरून गेली.

कर्णा बंद पडला. पडलेल्या दोन गाड्यांपैकी एक ओरडतच राहिली, तिचं चाक हवेत फिरत होतं, आणि कुणालाही ती बंद करायचं सुचत नव्हतं. एरंडेलाचा धूर आमच्या अंगावरून गेला. गयाबाई उठल्या. धावल्या नाहीत. पोत्यावरचं भाकरीचं फडकं त्यांनी आधी बांधलं, काखेत घेतलं आणि चालत गेल्या, शेतात डबा द्यायला जावं तशा. हे मातीत गुडघ्यांवर बसले होते. त्यांचं हेल्मेट निघत नव्हतं. त्यांच्या डाव्या पायाचा पट्टा मी सोडायला बसले तर त्यांनी माझे हात झटकले.

सिद्धार्थला ज्या टेम्पोतून गाड्या यायच्या त्यातूनच नेलं. खेड यायच्या आत तो गेला.

कुणी दोष दिला नाही. पोलिसांनी अपघात लिहिला. शेठनी दोऱ्या गुंडाळल्या, हंगाम बंद केला आणि पुढे रान दुसऱ्याला दिलं. वस्तीतली माणसं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायची. गयाबाईंनी तर तेराव्याच्या आत, त्यांच्यात तेरावं नसतं तरी आम्ही ते दिवस मोजत होतो, ह्यांना जवळ बसवून भात खायला घातला. कुणी एक वाईट शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा वाटलं. ह्यांना निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

पावसाळ्याआधी आम्ही ती खोली सोडली. निळ्या भिंतीला अजून हात लावला तर रंग बोटाला यायचा. निमगावला माझी मुलगी झाली. हे शेतात राबायला लागले आणि दर रविवारी सकाळची एसटी धरून मंचरला जायला लागले. गयाबाईंचं पाणी भरायचं, सरपण फोडायचं, पत्रा गळत असेल तर डांबर लावायचं. दुपारी त्या वाढतील ते खायचं आणि परत यायचं. सासूबाई एकदा म्हणाल्या की आता आपल्या घरी आई नाही का? ह्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. मला त्यात बरं वाटत होतं. वाटायचं, हे असंच चालू राहिलं तर त्यांची वाचा हळूहळू परत येईल. रविवारी संध्याकाळी ते एक-दोन वाक्यं जास्त बोलायचे. गयाबाईंचा गुडघा दुखतो, कोंबडीने अंडी घातली, असलं काहीतरी. मी ती वाक्यं आठवडाभर पुरवायचे.

मुलगी चालायला लागली तेव्हा एका रविवारी मीही तिला घेऊन गेले. गयाबाईंनी तिला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूवर तेल घातलं. जेवणं झाली. हे मागे लाकडं फोडून हात धुऊन आले, तेव्हा त्यांनी ह्यांना समोर बसायला सांगितलं. आवाजात कसलाही राग नव्हता. लेकराला समजवावं तशा बोलल्या.

"दत्ता, तू आता येत जाऊ नको."

हे ओले हात शर्टाला पुसत राहिले.

"तू वस्तीच्या वळणावर दिसला की मला वाटतं, दोघं आले. मग मी तुझ्या मागं बघती." मुलीच्या टाळूवरून त्यांचा हात फिरत होता. "दर ऐतवारी बघती. मला आता व्हत नाय बाबा."

हे उठले. त्यांच्या पायांना हात लावायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोळे मिटून घेतले. स्टँडपर्यंत आम्ही चालत आलो. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. एसटी आली, तिच्यात बसलो, उतरलो. त्या दिवसापासून हे मंचरला गेले नाहीत. पुढे कुठेच गेले नाहीत. लग्नकार्य नाही, जत्रा नाही, नारायणगावचा बाजारसुद्धा मीच करते. गाडीवर बसत नाहीत. शेतात पायी, डेअरीवर पायी. मुलगी आता मोठी झाली. तिला वाटतं, बापाला सायकलसुद्धा येत नाही. मैत्रिणींना हसून सांगते. मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करणार? एरंडेलापासून? पिवळ्या शर्टापासून? तिच्या जन्माआधीचा तो एक हिवाळा सोडला तर तिच्या बापाबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, आणि तो हिवाळा सांगायचा तर चैत्रही सांगावा लागतो.

मी मात्र वर्षातून एक-दोनदा गयाबाईंकडे जात राहिले. ह्यांना सांगून जायचे. त्या ह्यांची चौकशी करायच्या. येऊ दे त्याला, असं त्या कधीतरी म्हणतील म्हणून मी उठता उठता थोडी रेंगाळायचे. त्या म्हणाल्या नाहीत. शेवटी शेवटी त्यांना दिसायचं कमी झालं होतं. तेव्हा माझ्या मनात आलं, आता तर त्यांना वळणावर कोण येतंय ते दिसणारही नाही. पण हे बोलायचं कसं, आणि कुणाशी?

आज सकाळी निरोप आला, त्या गेल्या म्हणून. हे गोठ्यात होते. त्यांनी हातपाय धुतले, आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, टोपी घातली. मला वाटलं, सुटलं एकदाचं. मी पिशवी घेऊन बाहेर आले तर ते पायरीवर बसलेले.

"चला की," मी म्हटलं.

"तू जा."

"अहो, आता त्या नाहीत."

ते अंगणाकडे बघत होते. म्हणाले, "तिनं येऊ नको म्हटलंय."

एसटीची वेळ होत होती. मी निघाले.

पोचवायला मोजकीच माणसं होती. वस्तीतले चारदोन म्हातारे, एक लांबचा पुतण्या, कांदा निवडणाऱ्या दोघीतिघी. सिद्धार्थला ओळखणारं त्यांत कुणी नव्हतं. मेणबत्त्या लावल्या, पण वाऱ्याने त्या राहत नव्हत्या. त्रिशरण म्हणताना एका म्हाताऱ्याचाच आवाज येत होता. मला म्हणता येत नव्हतं, मी ओठ हलवत उभी राहिले.

बराखीच्या कडेने मी दोन वेळा फिरले. तिसऱ्यांदा फिरायला लागले तेव्हा काट्यावरच्या माणसाने येऊन विचारलं, कुणाला शोधताय? मी म्हटलं, कुणाला नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. दुसरं वळण मला सापडलं नाही.

निमगावला पोचले तेव्हा दिवस मावळला होता. हे पायरीवरच होते. पांढरा शर्ट, टोपी, सकाळी होते तसेच. मुलीने दिलेला चहा शेजारी तसाच, वर साय धरलेली. मी चपला काढल्या, अंगणातल्या बादलीतलं पाणी पायांवर घेतलं. मला वाटलं, ते काहीच विचारणार नाहीत.

"लई माणसं व्हती का?"

"व्हती," मी म्हटलं. "रस्त्यापतुर उभी व्हती."

त्यांनी मान हलवली. मग पायरीवर थोडं सरकून मला आत जायला वाट करून दिली, आणि तिथेच बसून राहिले.